डोळे रस्त्यावर, कान हेल्मेटात: मग सूचना पोचवायची कशी?

(ताज्या भागाचा लेखी उतारा. बोलताना आलेले 'म्हणजे', 'बरं का' थोडे कापलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. गाडी चालवता चालवता ऐकणाऱ्यांनी हा भाग तरी घरी बसून वाचा. काऊन, ते पुढे कळेलच.)



आजचा विषय सुचला तो अमरावती–अकोला रस्त्यावरून. आपला राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली, हे तुम्हाला आठवत असेल. आता या रस्त्यावर दिवसभर उभं राहून पाहा. पार्सलच्या पोत्यांखाली दबलेली दुचाकी, सिलिंडरची गाडी, एसटी, कापसाचा ट्रक, फिल्डवर निघालेला महावितरणचा वायरमन, गावोगाव फिरणारी आशा ताई. या सगळ्यांचं काम एका जागी बसून होत नाही. आणि या सगळ्यांच्या खिशात फोन आहे.

आपल्याला वाटतं, खिशात फोन आहे म्हणजे माणसापर्यंत कधीही काहीही पोचवता येतं. ऑफिसवाला म्हणतो, "मेसेज टाकला होता ना!" बरोबर आहे भाऊ, टाकला होता. पण पोचला का? गाडी चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर, कान हेल्मेटात आणि वाऱ्यात. फवारणी करणाऱ्याच्या कानाशी पंपाचा आवाज, हातात ओले मोजे. नालीत उतरलेल्याचा फोन वर, दुसऱ्याच्या खिशात. डोळे आणि कान, आपल्या फोनचे दोन मुख्य दरवाजे, कामाच्या वेळीच बंद असतात.

मग उरतं काय? कातडी आणि नाक. स्पर्शाने आणि वासाने सूचना देता येते का? कुठे देतात? कुठे हा उपाय फसतो, आणि फसला तर काय होतं? आजचा भाग यावर. गंमत म्हणून ऐकू नका, कारण शेवटी आपण २०१७ च्या फवारणीच्या हंगामापाशी येणार आहोत.

खिशातली थरथर नेमकी येते कुठून?

आधी स्पर्श. फोन व्हायब्रेट होतो म्हणजे आत काय होतं? साध्या फोनमध्ये एक चिमुकली मोटर असते. तिच्या दांड्यावर एक वजन मुद्दाम एका बाजूला बसवलेलं असतं. मोटर फिरली की ते वजन एका कुशीला ओढतं आणि अख्खा फोन थरथरतो. धान्य चाळायची विजेवरची चाळणी याच तत्त्वावर हलते, फक्त आकार मोठा. महागड्या फोनमध्ये गोल फिरणारी मोटर नसते. त्यात वजन स्प्रिंगवर पुढे-मागे हलतं, त्यामुळे झटका नेमका बसतो आणि लगेच थांबतो. 'टक्' आणि 'घर्रर्र' यांतला फरक त्यावर कळतो.

आता कातडीकडे या. आपल्या कातडीच्या आत खोलवर कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या बारीक गाठी असतात. थरथर ओळखणं हे त्यांचं काम. सेकंदाला साधारण २०० ते ३०० वेळा होणारी थरथर त्यांना सगळ्यात चांगली कळते. फोन बनवणारे मोटर साधारण या पट्ट्याच्या जवळपासच ठेवतात, ते उगाच नाही.

मग दुचाकीवर फोन वाजलेला का कळत नाही? कारण तुमची अख्खी गाडीच व्हायब्रेटर आहे. इंजीन थरथरतं, हँडल थरथरतं, सीट थरथरते, त्यात खड्डे. सतत थरथर बसत राहिली की कातडी ती थरथर मोजणंच कमी करते. लांबचा प्रवास करून उतरल्यावर तळहात बधिर लागतात ना, तेच. अशा वेळी जीन्सच्या खिशातला फोन किती का थरथरेना, गाडीच्या थरथरीत तो हरवून जातो. उलट बाजूही आहे: फोन खिशात नसतानाही मांडीवर थरथर झाल्याचा भास होतो. हा अनुभव इतका सर्वांचा आहे की त्यावर संशोधन झालेलं आहे. थोडक्यात, मांडी हा साक्षीदार भरवशाचा नाही.

मनगट त्या मानाने बरं. घड्याळ कातडीला घट्ट टेकलेलं असतं, मधे कापड नसतं. २०१५ साली ॲपल वॉच आलं तेव्हा त्यात रस्ता दाखवायची एक सोय होती: उजवीकडे वळायचं असेल तर सलग बारा टकटक, डावीकडे असेल तर दोन-दोनच्या तीन जोड्या. स्क्रीनकडे न बघता वळण कळावं, हा हेतू. कल्पना चांगली. पण यातच स्पर्शाची मर्यादाही दिसते. सगळा खटाटोप करून सांगायचं काय होतं? डावं की उजवं. बस्स, दोनच गोष्टी. "डावीकडे वळ, पण पुढे रस्त्याचं काम सुरू आहे, आणि हो, ग्राहकाने पत्ता बदललाय" हे मनगटावर टकटक करून सांगता येत नाही.

आणि सांगायची गरजही नाही! आपल्या एसटीचं उदाहरण घ्या. कंडक्टर दोरी ओढतो. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. घंटी आवाजाची आहे, स्पर्शाची नाही, पण शहाणपण तेच. ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही, वाक्य समजून घ्यावं लागत नाही. संदेश दोनच, दोन्हींचा अर्थ आधी ठरलेला, आणि संदेश मिळाल्यावर करायचं काय तेही ठरलेलं. कामात असलेल्या माणसाला सूचना द्यायची तर ती अशी द्यायला पाहिजे.

गाडीच हाताशी बोलते तेव्हा

स्पर्शाची सूचना म्हटलं की आपल्या डोक्यात फोन येतो. पण सगळ्यात जास्त माणसांना रोज मिळणारी स्पर्शाची सूचना रस्त्यावर आहे. गावाच्या अलीकडे, शाळेपाशी, टोलनाक्याआधी पांढरे जाड पट्टे मारलेले असतात. आपण त्यांना रंबलर म्हणतो. गाडी त्यावरून गेली की बुडाखाली दडदड होते. ड्रायव्हर पेंगत असो, गप्पा मारत असो, फोनवर असो, ती दडदड स्टिअरिंगमधून हातात येते, सीटमधून पाठीत येते. बोर्ड वाचायला डोळे लागतात, रंबलरला लागत नाहीत. ना बॅटरी, ना नेटवर्क, ना भाषा. तामिळनाडूचा ट्रकवाला असो की मूर्तिजापूरचा, दोघांना अर्थ एकच कळतो: वेग कमी कर, पुढे काहीतरी आहे.

आता रस्त्यावरून आकाशात जाऊ. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्या मार्गावर एटीआर ७२ जातीचं विमान आलं. या विमानात, आणि जगातल्या इतर अनेक प्रवासी विमानांत, एक यंत्र असतं. विमानाचा वेग फार कमी झाला किंवा नाक प्रमाणाबाहेर वर गेलं, की पंखांवरचा हवेचा आधार सुटायची वेळ येते. तसं होण्याआधी पायलटच्या हातातला दांडाच जोरात थरथरायला लागतो. समोर कितीही काटे आणि दिवे असोत, ही एक सूचना डोळ्यांच्या भरवशावर सोडलेली नाही. ज्या हाताने चूक दुरुस्त करायची, त्याच हाताला झटका दिला जातो.

दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे, ती धरून ठेवा. सूचना तिथेच मिळते जिथे कृती करायची आहे, आणि ती इतर कुठल्याच कामासाठी वापरली जात नाही. उद्या विमानाचा तो दांडा "चहा तयार आहे" सांगायलाही थरथरू लागला, तर त्याचा धाक उरेल का? आपल्या फोनचं झालंय तेच. कर्जाची जाहिरात, क्रिकेटचा स्कोअर, फॅमिली ग्रुपवरचं गुड मॉर्निंग आणि साहेबाचा "लाईन चालू झाली, खांबावर चढू नको" हा मेसेज, चौघांची थरथर एकच.

वास: मुद्दाम घातलेला पहारेकरी

आता नाकाकडे येऊ. वासाने सूचना ही कल्पना ऐकायला विचित्र वाटते, पण ती तुमच्या स्वयंपाकघरात रोज असते. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. आपल्याला जो कुजकट वास येतो, तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या पदार्थाचा. इथाइल मरकॅप्टन त्याचं नाव, गंधकाचं संयुग. माणसाचं नाक या पदार्थाच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे: हवेच्या अब्जावधी कणांत त्याचे एखाद-दोन असले तरी वास येतो. हवेत एलपीजीचं प्रमाण साधारण २ टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगीने पेट घेऊ शकतो. वास त्याच्या पाचव्या हिश्श्यावरच यायला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे धोका पायरीवर यायच्या आत पहारेकरी ओरडतो.

हा नियम जगाला फुकट मिळालेला नाही. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावी शाळेच्या तळघरात नैसर्गिक वायू साचला. वास नव्हता, कोणाला कळलं नाही. स्फोट झाला आणि जवळपास ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर जळणाच्या वायूत वास मिसळणं सक्तीचं होत गेलं. आज सिलिंडर पोचवणारा भाऊ सील काढून नाक जवळ नेतो, तेव्हा तो त्या दिवसाचा धडाच वापरत असतो.

पण स्वयंपाकघरात माणूस एका जागी असतो. फिरत्या माणसांना वासाने सूचना कोण देतं? खाणवाले. जमिनीखाली पाच-सातशे फूट, बोगदे फाटे फुटून किलोमीटरभर पसरलेले, माणसं पांगलेली, ड्रिल मशीनचा आवाज, अंधार, मोबाईलला नेटवर्क शून्य. वर आग लागली किंवा काही बिघडलं, तर शंभर जणांना एकाच वेळी सांगायचं कसं? जवळपास शंभर वर्षांपासून अनेक देशांतल्या धातूच्या खाणींत यावर एक उपाय आहे. खाणीत श्वासासाठी जी हवा सोडतात, आणि ड्रिल चालवायला दाबाची जी हवा नळीतून जाते, तिच्यातच हा कुजकट मरकॅप्टन सोडायचा. हवा जिथे जिथे जाते, तिथे निरोप जातो. खाणीत माणूस कुठेही असो, हवा त्याच्यापर्यंत जातेच, नाहीतर तो जगणार कसा!

वास आला की कामगार 'काय झालं?' असं विचारत बसत नाही. हातातलं काम टाकायचं आणि ठरलेल्या सुरक्षित खोलीत जायचं, याची तालीम आधीच झालेली असते. काही खाणींत धोका टळल्यावर दुसरा वास सोडतात, विंटरग्रीनचा. दुखऱ्या पाठीला चोळायच्या मलमाचा वास आठवा, तोच. म्हणजे कुजका वास आला तर लपा, मलमाचा आला तर बाहेर या. पुन्हा बघा, एसटीची घंटी: संदेश दोनच.

आपल्याकडे वणीच्या पट्ट्यात कोळसा आहे. कोळशाच्या खाणीत वासाची वेगळी कथा आहे. कोळसा हवेच्या संपर्कात आतल्या आत तापतो आणि कधीकधी आपोआप पेटतो. धूर दिसण्याआधी एक दमट, रॉकेलसारखा वास सुटतो. मुरलेले खाणकामगार तो वास ओळखायचे. आता त्यासाठी हवेतला कार्बन मोनॉक्साइड यंत्राने मोजतात. यंत्र का आणलं, नाक का नाही पुरलं? आता तिकडेच येतोय.

नाक कुठे दगा देतं

नाकाची पहिली खोड: ते लवकर कंटाळतं. अत्तराच्या दुकानात शिरलं की वास दरवळतो, दहा मिनिटांनी काहीच जाणवत नाही. अत्तर तिथेच आहे, तुमच्या मेंदूने नोंद घेणं सोडलंय.

दुसरी खोड: प्रत्येकाचं नाक सारखं नाही. सर्दी, वय, सिगारेट यांनी वास कमी होतो. करोनात आपल्यातल्या कित्येकांचा वास गेला होता, तेव्हा फोडणी करपली तरी कळत नव्हती. त्या काळात घरातला गॅस गळला असता तर?

तिसरी खोड: झोपलेल्या माणसाचं नाकही झोपतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी झोपलेल्या लोकांना वास देऊन पाहिलं. गाढ झोपेत ते उठले नाहीत. वासाने जाग येईल या भरवशावर ट्रकच्या केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा गॅस लावून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

इथे जपान्यांनी एक युक्ती काढली. बहिऱ्या लोकांना आगीचा भोंगा ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी हवेत वसाबीचा फवारा सोडणारा अलार्म बनवला. त्याला २०११ साली इग नोबेल पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळतो. वसाबीने माणूस उठतो, कारण तो खरा वास नव्हेच, ती नाकातली झोंबणारी वेदना आहे. ती वेगळ्या नसेतून मेंदूकडे जाते. आपल्या मोहरीतही झोंबणारा पदार्थ तोच. मोहरी फेसली की नाकातून डोक्यात जो झटका जातो, तो वास नसून ठसका आहे. दुपारी झोपलेल्या घराला मिरचीच्या फोडणीने एका मिनिटात उठवलेलं तुम्ही पाहिलं असेल.

चौथी खोड सगळ्यात वाईट. सेप्टिक टँक, गटार, बायोगॅसची टाकी, बंद पडलेली जुनी विहीर. अशा जागी हायड्रोजन सल्फाइड साचतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. थोडा असताना वास उग्र येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरावर भाग झाले की तो काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, "वास गेला, आता ठीक आहे." प्रत्यक्षात गॅस वाढलेला असतो. मग एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी वाचतो.

म्हणून यातली मुख्य गोष्ट: जो वास मुद्दाम मिसळलाय, मोजून मिसळलाय आणि ज्याचा अर्थ सर्वांना शिकवलाय, तो वास म्हणजे सूचना. धोक्याचा जो आपसूक वास येतो त्याला सूचना म्हणू नका. तो कधी खरं सांगतो, कधी खोटं, आणि कधी मधेच गप्प बसतो.

२०१७ चा खरीप

आता आपल्या घरात या. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना वऱ्हाडात विषबाधेचे प्रकार झाले. सगळ्यात जास्त फटका यवतमाळ जिल्ह्याला बसला: वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. अकोला, अमरावती, बुलढाण्यातही रुग्ण सापडले. सरकारने अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वात विशेष तपास पथक नेमलं.

कारणं बरीच होती. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, डोक्याच्या वर नोझल धरून फवारावं लागत होतं, तुषार अंगावर पडत होते. चार्जिंगच्या पंपाने कमी वेळात जास्त औषध उडत होतं. दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. मोजे, मास्क, चष्मा यांतलं काही नसायचंच. पण आजच्या विषयाच्या नजरेने बघा: त्या माणसाला धोका सांगणारं काय होतं?

डोळ्यांसाठी सूचना होती. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. छान पद्धत आहे. पण डबा बांधावर, बहुतेक वेळा घोळ बनवणारा वेगळा, आणि पाठीवर पंप घेऊन तासभर ओळीत चालणारा मजूर वेगळा. त्याच्या पाठीवर कुठला रंग आहे हे त्याला दिसतच नाही.

नाकासाठी? औषधाला वास असतोच, काहींना लसणासारखा. पण तो वास विषाच्या प्रमाणात नसतो. जहाल औषधाला वास कमी आणि सौम्याला जास्त, असंही होऊ शकतं. शिवाय अर्ध्या तासात नाक त्याला सरावतं. "आता वास येत नाही" हे वाक्य इथेही तेवढंच फसवं.

आणि कातडीसाठी? इथे खरी मेख आहे. ही औषधं कातडीतून आत जातात. ओला शर्ट पाठीला चिकटतो, विष झिरपतं, आणि कातडी बरेचदा काहीच सांगत नाही. जळजळ नाही, टोचणं नाही. ज्या वाटेने धोका आत शिरतो, त्याच वाटेवर पहारेकरी नाही. सूचना मिळते ती उशिरा: लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांसमोर अंधुक होतं, मळमळतं, स्नायू फडफडतात. तोवर दवाखाना गाठायची शर्यत सुरू झालेली असते.

म्हणून "त्याला वास येत नव्हता का?" किंवा "डब्यावर लिहिलंय ना" असं कोणी म्हटलं, की त्याला सांगा, राजेहो, सूचना होती पण ती त्या माणसापर्यंत पोचेल अशी बनवलेलीच नव्हती. हा दोष मजुराच्या माथी मारता येत नाही.

नाक यंत्राचं, कातडी माणसाची

मग उपाय? दोन्ही गोष्टी जोडून पाहा. वास ओळखायचं काम यंत्राला द्या, आणि यंत्राने माणसाला स्पर्शाने सांगावं. असं यंत्र आहे, नवीनही नाही. रिफायनरीत, खाणीत, गटाराच्या कामावर छातीला अडकवायचा, काडेपेटीच्या दोन-तीन पट आकाराचा गॅस डिटेक्टर मिळतो. चार वायू मोजणारा प्रकार सर्वसाधारण: ऑक्सिजन, पेटणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. यंत्राचं नाक माणसासारखं सरावत नाही. हायड्रोजन सल्फाइड दहा लाखात साधारण दहा भाग झाला की ते ओरडतं, म्हणजे तुमचं नाक मरायच्या कितीतरी आधी. आणि ओरडतं ते तिन्ही वाटांनी: भोंगा, दिवा आणि थरथर. आवाजात भोंगा हरवला, चिखलात दिवा झाकला, तरी छातीवरची थरथर कळते.

हेही जादूचं यंत्र नाही. त्याचे सेन्सर काही काळाने बदलावे लागतात, ते खरं मोजतंय का हे ठराविक गॅस देऊन तपासावं लागतं. आणि फवारणीच्या औषधांवर हे यंत्र चालत नाही. तिथे उपाय साधाच आहे: अंग झाकणं, वाऱ्याकडे पाठ करणं, उन्हाच्या वेळा टाळणं, ओला कपडा लगेच बदलणं. पण तिथेही स्पर्श मदतीला येऊ शकतो. मनगटावर तीनशे-चारशे रुपयांचं थरथरणारं घड्याळ, ठराविक वेळाने एकदा लांब थरथर, आणि तिचा अर्थ आधी ठरलेला: पंप उतरव, हात-तोंड धू, कपडा बघ, सोबत्याचे डोळे बघ.

आता तुमच्या फोनचं काय?

ऐकणाऱ्यांत डिलिव्हरी करणारे, फिल्डवरचे, एसटीचे बरेच जण आहेत. तुमच्यासाठी चार-पाच गोष्टी, आजच करता येतील अशा:

एक, थरथर स्वस्त करू नका. सेटिंगमध्ये जाऊन जाहिराती, खेळ, ग्रुप यांचं व्हायब्रेशन बंद करा. ज्याने थरथरावं असे दोन-तीनच निरोप ठेवा.

दोन, बऱ्याच फोनमध्ये एखाद्या नंबरला वेगळी थरथर लावता येते. घर आणि कामावरचा एक माणूस, एवढ्यांनाच वेगळी लावा. तिचा अर्थ ठरवा: गाडी बाजूला घे आणि मग फोन बघ. चालत्या गाडीवर बघायचं नाही, मनगटावर आली तरी नाही.

तीन, सरकारच्या आपत्कालीन सूचना बंद करू नका. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम वेगळ्याच आवाजात वाजले आणि थरथरले होते, आठवतं? ती चाचणी होती. पूर किंवा वादळाच्या वेळी तीच वाट वापरली जाणार. शेतात काम करणाऱ्यांनी वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' ॲपही ठेवावं. ते पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलंय.

चार, गॅसचा वास आला तर स्विचला हात लावायचा नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन १९०६ वर फोन. वास कमी झाला म्हणून परत आत जायचं नाही, कमी झालंय ते कदाचित तुमचं नाक.

पाच, कोणी टँकमध्ये किंवा विहिरीत बेशुद्ध पडला तर मागोमाग उतरायचं नाही. ११२ किंवा १०८. फवारणीनंतर कोणाला लाळ, घाम, अंधुक दिसणं सुरू झालं तर कपडे काढून साबणाने अंग धुवा, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरला नाव कळलं तर उपचार लवकर सुरू होतो.

आणि जे कोणी टीम सांभाळतात, सुपरवायझर आहेत, त्यांच्यासाठी एकच प्रश्न. पुढच्या वेळी "मी मेसेज टाकला होता" म्हणायच्या आधी विचार करा: त्या क्षणी त्या माणसाचे डोळे कुठे होते, कान कुठे होते, हात कशात होते? त्याच्या कुठल्या वाटेने निरोप आत गेला असता? आणि गेला असता तर करायचं काय, हे त्याला आधी सांगितलं होतं का?

एवढंच आज. तुमच्या कामात डोळे-कान सोडून निरोप पोचवायची काही देशी युक्ती असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. हा उतारा फवारणीला जाणाऱ्या एका तरी माणसाला वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळून!